केळवण विथ सॅश!

मैत्रिणीची बॅचलरेट, अलिबागचा समुद्र आणि मला बावीसावा आठवडा. नो बीअर, नो बनाना बोट... तरीही फुल्ल टू धमाल!

लग्नाआधी नवरीला घरी बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं, हातात पाकीट ठेवायचं आणि ‘आता तू काय बाई, दुसऱ्या घरची’ म्हणत सगळ्यांनी मिळून डोळे पुसायचे. याला आपल्याकडे केळवण म्हणतात. याच केळवणाला गुलाबी सॅश घाला, स्पीकरवर गाणी लावा, आईवडिलांना घरी ठेवा आणि जवळचा समुद्रकिनारा गाठा. झाली बॅचलरेट! आमच्या पिढीला वाटतं, हे सगळं सिनेमा बघून आपणच आणलं. पण नवरीच्या मैत्रिणींनी जमून कल्ला करायची आयडिया आपल्या आज्यांच्याही आधीची आहे. फरक एवढाच, की त्यांच्या पार्टीत एखादी पोटुशी असायचीच आणि तिचं कुणाला नवल वाटायचं नाही. आमच्या पार्टीत ती एक म्हणजे मी होते आणि सगळ्यांना जाम टेन्शन आलं होतं.

गँग पाच जणींची. दादरच्या एका पीजीमध्ये एका गीझरवरून भांडता भांडता झालेली ही दोस्ती. नावं छापायची नाहीत या अटीवर परवानगी मिळालीय, त्यामुळे हुद्द्यांवर भागवू : नवरी, एचआर, बँकवाली, कॉपीरायटर आणि फ्रीलान्सर, म्हणजे अस्मादिक. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे सगळ्यांचे वीकेंड रिकामे. माघात नवरीचं लग्न आणि लगेच बंगळुरूला बिऱ्हाड. म्हणून शाकंभरी पौर्णिमेनंतरचा शनिवार-रविवार पक्का केला. डॉक्टरांना विचारलं. चौदा ते अठ्ठावीस हे आठवडे प्रवासाला त्यातल्या त्यात सोयीचे, असं त्यांचं म्हणणं पडलं. ‘जा, पण उड्या मारू नकोस,’ एवढं एकच कलम त्यांनी लावलं.

नावेतलं डोहाळजेवण

अलिबागला जायचे रस्ते आता बरेच झालेत. गेटवेवरून मांडव्याला जाणारी बोट आहेच. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाल्यापासून गाडीवाल्यांचीही सोय झाली. पण माझ्यासारख्या ‘दोन जिवांच्या’ बाईसाठी बेस्ट म्हणजे २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो. भाऊच्या धक्क्याजवळून सुटते, पोटात गाड्या भरून घेते आणि तासाभरात मांडव्याला उतरवते. बोट मोठी, त्यामुळे हेलकावे कमी. शिवाय टॉयलेट आहे! पाचवा महिना चालू असलेल्या बाईला बाकी कुठल्याही फीचरपेक्षा याचं महत्त्व कळतं.

खरी परीक्षा बोटीत बसण्याआधीच झाली. भाऊचा धक्का म्हणजे मासळीचा धक्का. सकाळी सकाळी तिथला वास ज्याने घेतलाय, त्याला वेगळं सांगायला नको. चौथ्या महिन्यात नुसत्या फोडणीच्या वासाने बेसिनकडे धावणारी मी, धक्क्यावरून नाकाला ओढणी लावून सुखरूप पार झाले. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या.

डेकवर वारा सॉलिड. मागे सीगल्सचा थवा, समोर नवरीचं फोटोसेशन. बाजूच्या बाकावर लुगडं नेसलेल्या एक आजी बसल्या होत्या, अलिबागला लेकीकडे निघालेल्या. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, पिशवीतून एक आवळा काढून हातावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘कितवा गं? पाचवा? मग बरं झालं. नावेतलं डोहाळजेवण आपोआप झालं!’ बागेतलं, झोपाळ्यावरचं, चांदण्यातलं आणि नावेतलं... डोहाळजेवणाचे हे प्रकार मी आईच्या तोंडून ऐकले होते. आजकाल हॉलमध्ये थर्माकोलची होडी करून त्यात बसवतात. मला खरी मिळाली होती, तीही बऱ्यापैकी मोठी!

मी आवळा चावत होते, तेवढ्यात एचआर शेजारी येऊन बसली. समुद्राकडे बघत म्हणाली, ‘गोव्याला व्हिला बघून ठेवला होता, माहितीय? पूल होता.’

माहीत नव्हतं. मग कळलं. माझी बातमी कळल्यावर आधीचा प्लॅन गुपचूप कॅन्सल झाला होता. विमान, रात्रीची जागरणं, माझी तब्येत असा सगळा विचार करून चौघींनी माझ्यामागे ‘अलिबाग’ ठरवलं होतं.

‘मला विचारायचं ना,’ मी म्हटलं.

‘विचारलं असतं तर तू गोव्याला चला म्हणाली असतीस. आणि मग आम्ही तीन दिवस तुझ्याकडे बघत बसलो असतो.’

यावर काय बोलणार? ती रागावली नव्हती, पण खूशही नव्हती. मांडवा येईपर्यंत आम्ही दोघी सीगल मोजत बसलो.

अलिबागहून आलात का?

मुंबईत कुणाला बावळट ठरवायचं असेल तर एक वाक्य पुरतं, ‘अलिबागहून आलायस का?’ या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टात याचिका झाली होती. कोर्टाने ती फेटाळली. पण खरं सांगू? अलिबागला थोडं फिरलात की बावळट कोण, याबद्दल शंका यायला लागते.

हे गाव कान्होजी आंग्र्यांचं. मराठ्यांच्या आरमाराचा हा सरखेल १७२९ मध्ये गेला. त्याची समाधी गावातच आहे. इथे इस्राएल आळी आहे, त्या आळीत बेने इस्राएल समाजाचं सिनेगॉग आहे. तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. इथे चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्यातली नाजूक यंत्रं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळेचं काम अलिबागला हललं. म्हणजे मुंबईच्या खडखडाटाला कंटाळून वीकेंडला अलिबाग गाठणारं पहिलं पब्लिक आपण नव्हेच!

आमचा मुक्काम नागावला होता. अलिबागच्या पुढे अक्षी, अक्षीच्या पुढे नागाव. अक्षीत शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतला सर्वांत जुना लेख म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. आम्ही रिक्षा थांबवून तो बघितला. ‘हजार वर्षांपूर्वीची कॉपी, आणि क्लायंटने अजून बदल सुचवले नाहीत,’ कॉपीरायटर हळहळली.

नागाव म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या. एका वाडीतलं कौलारू घर आम्ही घेतलं होतं. अंगणात झोपाळा, मागे विहीर आणि समुद्र पाच मिनिटांवर. घराच्या काकूंनी दारातच सॅशवाली कोण आणि पोटवाली कोण ते बघून घेतलं. नवरीला म्हणाल्या, ‘ये गं बाई,’ आणि मला म्हणाल्या, ‘तू आधी बस.’ पुढचे दोन दिवस हाच त्यांचा माझ्यासाठीचा मंत्र होता.

दुपारच्या ताटात तळलेली सुरमई आली आणि मी उसासा टाकला. मोठ्या, दुसरे मासे खाऊन जगणाऱ्या माशांमध्ये पारा जास्त साठतो. त्यामुळे मोरी नको आणि सुरमईलाही आवरा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. काकूंना सांगितलं तर त्या हसल्या. ‘मग बांगडा खा, मांदेली खा. तेवढ्यासाठी कशाला तोंड पाडतेस?’ दहा मिनिटांत कुरकुरीत मांदेलीची ताटली समोर हजर. बाकीच्या चौघींची सुरमई संपायच्या आत चौघींचे हात माझ्या ताटलीत होते.

संध्याकाळी बीचवर मात्र खरी पंचाईत. नागावला वॉटर स्पोर्ट्सची जत्राच असते. बनाना बोट, जेट स्की, पॅरासेलिंग. मला यातलं काहीच चालणार नव्हतं. मी चौघींच्या चपला, चार मोबाइल आणि एक सॅश सांभाळत वाळूत बसले. त्या लाटांमध्ये किंचाळत होत्या, पडत होत्या, पुन्हा चढत होत्या. मला मजा वाटत होती आणि पोटात काहीतरी हलल्यासारखंही होत होतं. बाळ असेल. किंवा हेवा. बावीसाव्या आठवड्यात दोन्ही सारखंच लागतं.

पोपटी, कोकम आणि चांदणं

रात्री काकूंच्या मुलाने वाडीत पोपटी लावली. हा पक्षी नव्हे बरं का! थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात पोपटीचा सीझन सुरू होतो. मातीचं मडकं घ्यायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेलं चिकन. वरून ओवा-मीठ. मग पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं आणि मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं पेटवायची. पाण्याचा थेंब नाही की तेलाचा थेंब नाही. सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र झालं, की समजायचं झाली पोपटी. भांबुर्ड्याचा तो कडवट, रानटी वास शेंगांना लागतो, आणि मग माणसं बोलायची थांबतात. आम्हीसुद्धा थांबलो. हे ऐतिहासिक आहे.

चौघींच्या ग्लासात वाइन, माझ्या ग्लासात कोकम सरबत. रंग जवळपास सारखाच, त्यामुळे फोटोत मी सगळ्यांत जास्त प्यायलेली दिसतेय! पौर्णिमा नुकतीच झालेली, माडांच्या झावळ्यांतून चांदणं खाली येत होतं. बँकवालीने स्पीकर लावला. मी झोपाळ्यावर बसून हातांनी नाचले.

साडेबाराच्या सुमारास सगळ्या झोपल्या. मला झोप कुठली? डाव्या कुशीवर वळावं तर बाळ जागं, उठावं तर टॉयलेट. तिसऱ्या फेरीला अंगणात आले तर झोपाळ्यावर नवरी बसलेली. सॅश अजून गळ्यात.

‘लग्नानंतर किती दिवसांनी विचारायला लागतात गं? गुड न्यूजचं?’

‘रिसेप्शनच्या स्टेजवरच,’ मी म्हटलं. ती हसली. मग हसायची थांबली.

‘आणि मला नकोच असेल तर?’

झोपाळा करकरत होता. दोन-चार वर्षांपूर्वी यावर आम्ही पाच मिनिटांत भाषणं ठोकली असती. पण समोर माझं पोट होतं. ती ते टाळून बोलत होती, आणि ते मला दिसत होतं.

‘तुला भीती वाटते?’ तिने विचारलं.

वाटते. मी तिला सगळं सांगितलं. मला मूल हवं होतं, आजही हवं आहे. पण नोकरदार बाईला कायद्याने २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. मी फ्रीलान्सर. माझी रजा म्हणजे न लिहिलेले लेख आणि न आलेले चेक. दोन संपादकांना मी अजून सांगितलेलंच नाही, ते दुसऱ्या कुणाला काम देतील म्हणून. आणि सगळ्यांत जास्त भीती वाटते ती तुमची, की तुम्ही माझ्यामागे गोवा कॅन्सल कराल, मला आराम करायला सांगाल आणि एक दिवस विचारायचंच बंद कराल.

ती बराच वेळ गप्प होती. मग माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, ‘मला हे आवडतं. पण मला हे नकोय. असं असू शकतं का?’

‘असू शकतं की. माझ्याकडे बघून हो म्हणू नकोस. आणि माझी ही अवस्था बघून नाही पण म्हणू नकोस. त्याला सांगितलंयस?’

‘नाही.’

‘मग लग्नाआधी सांग.’

कुठेतरी नारळ पडला. आम्ही दोघी दचकलो आणि नको तेवढ्या हसलो. काकूंनी आतून दटावलं, ‘पोरींनो, झोपा आता!’

ओहोटीची वाट

रविवारी सकाळी कुलाबा किल्ला. हा समुद्रातला किल्ला, पण याची गंमत अशी की ओहोटीला तुम्ही चालत जाता आणि भरतीला त्याचं बेट होतं. रोज दोनदा. वेळ बघायला ॲप आहेत, पण काकूंचं ॲप वेगळंच. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्या दिवशी द्वितीया, म्हणजे भरती दीडच्या सुमाराला आणि ओहोटी सकाळी सव्वासातच्या आसपास. सातला आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर होतो.

घोडागाडीवाले मागे लागले. पण त्या गाडीचे दणके मला झेपणारे नव्हते. मी म्हटलं, तुम्ही गाडीने व्हा पुढे, मी चालत येते. ओली वाळू कडक असते, चालायला रस्त्यासारखी. तिघी गेल्या. एचआर उतरली. माझ्या चपला तिने स्वतःच्या हातात घेतल्या आणि माझ्या वेगाने चालायला लागली. अर्ध्या वाटेत म्हणाली, ‘सॉरी. पूलचं बोलायला नको होतं.’

‘पूल मलाही आवडला असता.’

‘तसं नाही गं. आपल्यात तू पहिली आहेस. तुझ्याशी कसं वागायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.’

‘मलाही नाही,’ मी म्हटलं. ‘विचारत जा. मी नाही म्हणेन, पण विचारत जा.’

किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवलं, पूर्ण झालं संभाजी महाराजांच्या काळात. तटाचे दगड बघाच. एकावर एक नुसते रचलेले प्रचंड चिरे, मध्ये चुना नाही. लाट आपटते, फटींत शिरते, तिचा जोर तिथेच मोडतो. आत १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, खाऱ्या समुद्रात असूनही गोड्या पाण्याची पुष्करणी आहे आणि समुद्राकडे तोंड केलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. मी तटावर चढले नाही, पुष्करणीच्या काठावर सावलीत बसले.

नवरी चढली. फोन कानाला लावून. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. खालून घोडागाडीवाले हाका मारायला लागले, ‘चला ताई, पाणी चढतंय!’ बँकवाली घड्याळ बघत होती, कॉपीरायटर नखं खात होती. वर जाऊन बोलवायची हिंमत कुणाचीच होईना. शेवटी ती उतरली. डोळे लाल, चेहरा मात्र धुतल्यासारखा.

‘तो म्हणाला, मला विचार करायला दोन दिवस दे. पण आधी सांगितलंस ते बरं केलंस.’

परत येताना पाणी घोट्याच्या वर आलं होतं. पाच जणी हातात हात घालून साखळी करून चाललो. मला मध्ये ठेवलं होतं, आणि या वेळी मी काही बोलले नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. काय ठरलं ते त्यांचं त्यांना माहीत, मी विचारलं नाही. पत्रिका मात्र परवा हातात पडली. माघातलाच मुहूर्त आहे. खाली पेनने लिहिलंय, ‘तुझ्यासाठी स्टेजवर खुर्ची ठेवलीय. नको असेल तर नाही म्हण.’

तुम्हीही निघताय?

कसं जाल : भाऊच्या धक्क्याजवळून रो-रो, किंवा गेटवेवरून मांडवा बोट. काही बोटींच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. रस्त्याने अंतर साधारण शंभर किलोमीटर.

कधी जाल : पोपटी खायची तर डिसेंबर ते फेब्रुवारी. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा हव्या असतील तर त्यानंतर. या कांद्याला जीआय मानांकन आहे आणि तो कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही.

किल्ल्यावर जाताना : ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. पाणी चढायला लागलं की फोटो सोडा आणि निघा.

गँगमध्ये कुणी प्रेग्नंट असेल तर : आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, मग तिला विचारा. फाइल सोबत ठेवा. अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण असल्याने तिथे जिल्हा रुग्णालय आहे, त्याचा रस्ता बघून ठेवा. गाडीत सीटबेल्ट पोटाच्या खालून लावायचा. मासे ताजे आणि नीट शिजलेले असावेत. कोकम सरबत वाइनच्या ग्लासातच द्या. आणि खोली टॉयलेटच्या शेजारची!